ग्रीसखालचा लाल रंग

नाकं मुरडू नका, मित्रांनो. मी तारेचा एक जुना दोर आहे, मधोमध तुटलेला. पण लौटोका बंदरातल्या कामगारांच्या या सभागृहात माझ्याइतका मान कुणालाही नाही!

भरात होतो तेव्हा क्रेनला लटकून मी पाइनच्या फळ्यांचे भारे जहाजात चढवत असे. गोदी कामगार साकिउसा मला भाऱ्याभोवती आवळायचा आणि थोपटून म्हणायचा, "चल मेव्हण्या, दाखव जोर!" मी छाती फुगवून उचलायचो. दोराला छाती नसते, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

वर्षं सरली, माझ्या तारा पिंजू लागल्या. एरोनी मुकादमाने माझ्या टोकाशी लाल रंग फासला. आमच्या धक्क्यावर लाल म्हणजे बाद. मला असा राग आला! मी म्हातारा? दुसऱ्या दिवशी मालकाच्या माणसाने त्या लाल रंगावर काळं ग्रीस चोपडून मला पुन्हा कामाला लावलं, तेव्हा खरं सांगतो, मला आनंदच झाला. दुपारी मी तुटलो. भारा साकिउसाच्या पायावर आला.

पाय कायमचा अधू झाला. कायद्याने ठरलेली भरपाई त्याला मिळाली. पण एवढ्यावर मालक सुटावा, हे त्याला पटेना. त्याने दावा लावला. मालकाचा वकील म्हणाला, "भरपाई घेतली ना? मग आता कोर्टात यायचा हक्क संपला." प्रकरण हायकोर्टात गेलं आणि मला तिथल्या टेबलावर ठेवलं.

एरोनीने मला लाल रंग लावल्याची साक्ष दिली. वकील हसला. "कुठे आहे तुमचा लाल रंग? स्वप्नात लावला होता काय?"

"घासून बघा की, साहेब," एरोनी म्हणाला. "हात काळे होतील, एवढंच."

साकिउसाच्या वकीलबाई कामाक्षी नायडू उठल्या. न्यायाधीशांची परवानगी घेऊन त्यांनी रॉकेलचं फडकं माझ्यावरून फिरवलं. ग्रीस निघालं आणि लाल पट्टा लख्ख दिसू लागला. मागच्या बाकावर साकिउसाची बायको लितिया हुंदके देऊन रडू लागली.

न्यायाधीशांनी निकाल दिला: धोका ठाऊक असून मालकाने तो झाकला असेल, तर भरपाई घेतलेल्या कामगारालाही कोर्टाचं दार उघडं आहे. साकिउसाला आणि त्याच्यामागून येणाऱ्या प्रत्येक गोदी कामगाराला!

कुबडी भिंतीला टेकवून साकिउसाने स्वतः मला इथे टांगलं. मी शरमेने मेलो होतो. त्याने पूर्वीसारखंच थोपटलं. "मेव्हण्या, तुटलास खरा, पण खोटं नाही बोललास."

म्हणून मित्रांनो, हा लाल पट्टा मी आता मिरवतो. तुमच्या कामाच्या वस्तूवर अशी खूण दिसली, तर ती झाकू नका. आम्हाला शेवटपर्यंत उचलायची हौस असते हो. 'पुरे' तुम्हीच म्हणायचं असतं.