शून्याची नक्कल

मी हार्ड डिस्क. देगलूरला नजीरभाईंच्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये माझी उमेदीची वर्षं गेली.

नजीरभाई रिक्षाला भोंगा बांधून पुकारा करायचे. उरूस, बैलबाजार, कुणाचं पोर हरवलेलं. मराठी, तेलुगू, कन्नड, ज्या गल्लीत जी भाषा चालेल ती. मग घशात गाठ निघाली. नांदेडच्या डॉक्टरांनी स्वरयंत्र काढावं लागेल म्हणून सांगितलं.

ऑपरेशनच्या आधी गौसियाभाभींनी नवऱ्याला माइकपुढे बसवलं. नजीरभाईंनी लेकीसाठी, सादियासाठी, गोष्टी भरल्या, रोज उठवायची हाक भरली. तिच्या निकाहच्या दिवशी ऐकवायची दुआ भरली. मध्येच थांबायचे, पाणी प्यायचे, पुन्हा बोलायचे. ते सगळं माझ्यावर साठलं.

जीव वाचला, आवाज गेला. रोज सकाळी भाभी माझ्यातली "सादिया, उठ बेटा" ही हाक लावायच्या. पोरगी उठायची. बाप शेजारी बसून ती ऐकायचा.

वय झालं तशी मी कुरकुरू लागले. भाभी घाबरल्या. त्यांनी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या संगमेश्वरला बोलावलं. तो माझ्याच मापाची कोरी डिस्क घेऊन आला. माझ्यावरचं जसंच्या तसं तिच्यावर उतरवतो म्हणाला.

आमच्या नावांचा घोळ इथंच सुरू होतो. कॉम्प्युटर चालू करताच बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्राम आधी जागा होतो. तो आम्हाला शून्यापासून मोजतो. त्याच्या लेखी मी एचडी-शून्य, कोरी एचडी-एक. मागून उठणारी ऑपरेटिंग सिस्टीम त्याला विचारत नाही. तिला जी डिस्क आधी सापडेल ती एसडीए, नंतरची एसडीबी. त्या दिवशी तिला कोरी आधी सापडली. मी 'बी' झाले.

संगमेश्वरनं बूटलोडरचा पडदा पाहिला होता, तिथं मी पहिली होते. मग ऑपरेटिंग सिस्टीमच्या पडद्यावर त्यानं 'ए'वरचं 'बी'वर उतरवायचा हुकूम लिहिला.

भाभी म्हणाल्या, "जुनी कोणती, नक्की बघितलं ना?"

"शून्य म्हंजे पहिली, ए म्हंजे पहिलीच. एकच हाय, भाभी."

माझ्या पाठीवर माझा क्रमांक छापलेला होता. तो वाचून त्यानं पडद्यावरच्या क्रमांकाशी ताडला नाही.

कोरीचं कोरेपण माझ्यावर उतरू लागलं. शून्यामागून शून्य. गोष्टी गेल्या, दुआ गेली. मी कुरकुरले. संगमेश्वर म्हणाला, "म्हातारी कष्ट करून राहिली." नजीरभाईंनी शाबासकी दिल्यागत कॉम्प्युटरच्या पेटीवर थोपटलं.

काम संपलं तेव्हा दोन्ही डिस्क कोऱ्या होत्या.  संगमेश्वरनं सगळे उपाय करून पाहिले. पण शून्याखालून काही वर येत नाही. उठताना म्हणाला, "जीव वाचला ना, भाभी. आवाजाचं काय घेऊन बसलाव?"

नजीरभाईंनी तोंड उघडलं. ऑपरेशननं गळ्याला पाडलेल्या भोकातून नुसती हवा आली.

दुसऱ्या सकाळी सादिया जागी होती, पण डोळे मिटून पडून राहिली. बापानं उठवायला तिचा पाय हलवला. तिनं तो आखडून घेतला.

"तुम नक्को, अब्बा. वो आवाज लगाओ."

भाभींनी मला घरात ठेवून घेतलं नाही. आता मी संगमेश्वरच्या दुकानात, गिऱ्हाइकांवर नजर ठेवणाऱ्या कॅमेऱ्याच्या यंत्रात आहे. त्याला कान नाहीत. माणसांचे ओठ हलतात, ते मी साठवते आणि जागा भरली की पुसून पुढचं लिहिते.

तुम्हाला एकच विनंती. हुकूम देण्याआधी आमची पाठ वाचा. आम्हाला ओरडून सांगता येत नाही.

आज एक बाई जुनी डिस्क पदरात गुंडाळून घेऊन आली आहे. संगमेश्वरनं तिची पाठ न वाचताच ती जोडली. बाईनं काहीतरी विचारलं. तो पडद्याकडं बघतच हसला आणि मान डोलावली.