झारीतली बाई

सिब्रांड मास्तर उंबऱ्यावर बूट घासत होते आणि हेस्तर घाईघाईने बोटांवरचा रंग पुसत होती. हॉलंडमधल्या हार्लेम गावच्या चित्रकार संघाचे ते प्रमुख. संघाच्या दिवाणखान्यासाठी वाउटरचं न्याहारीचं चित्र बघायला ते येणार होतेच, पण ठरल्यापेक्षा चार दिवस आधी टपकले होते.

आणि चित्र वाउटरचं नव्हतंच. दोन हिवाळ्यांपूर्वी त्याचा उजवा हात थरथरू लागला, तो इतका की सूपचा चमचा तोंडाशी जाईपर्यंत रिकामा व्हायचा. तेव्हापासून मागच्या खोलीत उत्तरेच्या खिडकीशी त्याची बायको हेस्तर रंगवायची आणि वाउटर पुढच्या दुकानात मिजाशीत बसायचा. चित्रावर त्याचं नावही तीच घालायची. तिचा हात नवऱ्यापेक्षा सरस होता. वाउटरही ते कबूल करायचा, फक्त दार लावून. पण ज्याच्या नावावर चित्र विकायचं त्याचाच हात त्यावर फिरलेला हवा, हा संघाचा नियम होता. उघडकीला आलं असतं तर दुकानाला टाळं आणि गावभर छी-थू. मग त्या घरातून कुणी रंगवलेला कांदाही घेतला नसता.

"या मास्तर, या," वाउटर उजवा हात कोटात खुपसून म्हणाला. "पण रंग ओला आहे हो अजून."

"असू दे की. मी काय चाटणार आहे?"

मास्तर थेट मागच्या खोलीत शिरले. चित्राच्या घोडीवर ओकच्या लाकडाची फळी होती. तिच्यावर रंगवलेला पाव, कापलेला हेरिंग मासा, अर्धं सोललेलं लिंबू आणि चांदीची झारी. मास्तर वाकले आणि त्यांनी चक्क वास घेतला.

"अरे, मासा ताजा आहे! आणि बाजारात म्हणतात वाउटर म्हातारा झाला. जळतात मेले."

हेस्तर बिअरचे पेले घेऊन मागे उभी होती. तिने परक्याच्या नजरेने चित्राकडे पाहिलं. झारीच्या फुगीर पोटात खिडकी उमटली होती. खिडकीशेजारी जवाच्या दाण्याएवढी एक बाई उभी होती. डोक्यावर पांढरी टोपी, हातात ब्रश.

तिनेच रंगवली होती ती. डोळ्याला दिसेल ते घालायचं, मनाचं काही घालायचं नाही, हा वाउटरने शिकवलेला पहिला धडा. चकचकीत झारीत जे दिसलं ते तिने इमानाने उतरवलं होतं. आपण स्वतःलाच रंगवतोय हे माणसाला कळू नये? नाही कळलं. तिच्या लेखी तो पांढऱ्याचा एक ठिपका होता आणि काळ्याचे दोन.

मास्तरांनी खिशातून भिंग काढलं. ते पावापासून निघाले, माशावर आले, लिंबावर रेंगाळले. हेस्तरने नवऱ्याला डोळ्यांनी झारी दाखवली. वाउटर लगबगीने पुढे झाला.

"मास्तर, ही झारी बघा ना!" तो मोठ्याने म्हणाला आणि दाखवता दाखवता त्याने झारीच्या पोटावर अंगठा दाबला. कापऱ्या हाताने रंग चांगलाच फासला गेला.

"अरे अरे! काय केलंस हे?"

"चुकून लागला हात."

झारीतली बाई गेली, असं हेस्तरला वाटलं. आपली सगळ्यात सुंदर झारी गेली याचं वाईट वाटायलाही तिला फुरसत नव्हती, कारण मास्तरांनी स्टूल ओढून बैठक मारली होती.

"बरं झालं मी आहे. कर नीट. तुझा हात चालताना बघून वर्षं झाली रे."

"आत्ता नको, मास्तर."

"का? नव्या नवरीसारखा लाजतोस काय?"

वाउटरला ब्रश घ्यावाच लागला. तो फळीपर्यंत पोचायच्या आत पांढरा रंग पावावर ठिबकला. मास्तरांचं हसू मावळलं. त्यांनी भिंग झारीवरच्या फासलेल्या रंगावर धरलं. तिथे त्या बाईच्या टोपीची एक कड पुसायची राहिली होती. मग ते वळले आणि त्यांनी हेस्तरची टोपी पाहिली, नखांत अडकलेला रंग पाहिला.

"किती दिवस चाललंय हे?"

"दोन वर्षं," हेस्तर म्हणाली.

"वाउटर, चित्र तुझं असेल तर झारी पुरी कर. मी थांबतो. हिचं असेल तर तुझं नाव आजच संघातून जाईल. मग हिने संघातल्या सगळ्या मास्तर चित्रकारांपुढे बसून चित्र काढून दाखवायचं. पसंत पडलं तर हिचं नाव लागेल, नाहीतर दुकान बंद."

"तुम्ही तरी माझ्या बाजूने बोलाल ना, मास्तर?" हेस्तरने विचारलं.

"मी? मला फसवलंयस तू, बाई."

वाउटरने डाव्या हाताने उजवं मनगट आवळून पुन्हा ब्रश उचलला. तीस वर्षं त्याचं नाव त्या संघात होतं. काही केल्या हात ठरेना. शेवटी त्याने ब्रश तिच्यापुढे धरला.

"घे, हेस्तर."

"मला भीती वाटते रे."

"मलाही वाटते. पण तुला येतं, मला येत नाही आता."

तिने ब्रश घेतला. मग मास्तरांच्या देखत तिने तेलात भिजवलेली चिंधी उचलली आणि आधी कोपऱ्यातलं वाउटरचं नाव पुसलं.