भरती ओसरायच्या आत

“लाल शिक्क्याची तिकिटं या बाजूला! बाकीच्यांनी वाट मोकळी करा!”

मुरारी एजंट पत्र्याचा कर्णा तोंडाला लावून ओरडत होता. पहाटेच्या भरतीवर बाणकोटहून आलेली लाँच नुकतीच दासगावच्या धक्क्याला लागली होती आणि मुंबईची माणसं फळीवरून जपून पाय टाकत उतरत होती. वर रस्त्याच्या कडेला कंपनीच्या मोटारी तयार होत्या.

हैबती त्या कर्ण्यापासून दहा पावलं लांब उभा होता. जवळच्या नाते गावचा हैबती. वय पन्नाशीच्या पुढे गेलेलं, पाय अजून शेळीसारखे. तीस वर्षं तो लोकांना रायगड दाखवत आला होता. गडावर जायचंय म्हटलं की महाडात कुणीही सांगायचं, नात्याला उतरा आणि हैबतीला हाक मारा. पण गेल्या हंगामात आगबोट कंपनीनं स्वतःचं रायगड-दर्शन सुरू केलं. बंदरापासून मोटार, चढायला डोली, दुपारचं जेवण आणि मॅट्रिक झालेला, हातात छापील पुस्तक धरलेला वाटाड्या, सगळं एका तिकिटात. हैबतीला कुणी विचारलंही नाही. या हिवाळ्यात तीन महिने झाले, लाँच आली की तो बंदरावर येऊन उभा राहत होता आणि एकटाच परत जात होता. घरी त्याची बायको बयाबाई त्याच्या तोंडाकडे न बघता पाण्याचा तांब्या पुढे करी, आणि तेच त्याला जास्त लागे.

त्या दिवशी एक जोडपं फळीवरून उतरलं आणि कर्णा नि हैबती यांच्या बरोबर मधोमध थांबलं. पुरुष चाळिशीचा, अंगात कोट, खाली धोतर. बाईच्या छातीशी फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं आणि ते ती दोन्ही हातांनी धरून होती.

“साहेब,” पुरुषानं मुरारीला विचारलं, “तुमच्याबरोबर आलो तर शिरकाईच्या देवळात थांबायला भेटंल का? हिला ओटी भरायचीय.”

“शिरकाई आपल्या यादीत नाही,” मुरारी म्हणाला. “समाधी, जगदीश्वर, राजवाडा आणि टकमक टोक. वर दीड तास मिळतो. पंचवीस माणसं आहेत हो, एकासाठी थांबलो तर चोवीस खोळंबतात.”

“आन् आमी आमचं गेलो तर?”

“खुशाल जा. पण सहाला भरती पुरी झाली की लाँच सुटते. कंपनीच्या मंडळींना उशीर झाला तर अर्धा तास थांबवता येतं, तेवढा पाण्याला दम असतो. इतरांसाठी नाही थांबत. पुढची लाँच बुधवारी.” मुरारीनं हे दरडावून सांगितलं नाही. जे होतं ते सांगितलं.

हैबती पुढं झाला. “शिरकाईला मी नेतो, बाय. मनासारकी ओटी भरा.”

पुरुषाचं नाव सोनबा. मूळचा पोलादपूरकडचा, आता माझगावच्या गोदीत फिटर. बाई त्याची बायको, प्रयागबाई. त्यांची एकुलती एक मुलगी आवडी, चौदा वर्षांची, पोटाच्या दुखण्यानं इस्पितळात होती. उद्या सोमवारी दुपारी तिचं आपरेशन होतं. सुरी लागायच्या आधी कुळाच्या देवीची ओटी भरायची, असं प्रयागबाईनं मनाशी धरलं होतं. पोरीजवळ मावशीला बसवून दोघं शनिवारच्या आगबोटीनं निघाली होती.

“आपरेशनच्या आदी येते म्हणून सांगून आलेय मी तिला,” प्रयागबाई म्हणाली. “ती म्हणली, तू आल्याबिगर मी त्या खोलीत जायची नाय.”

सोनबानं खिशातलं घड्याळ काढून बघितलं. “दादा, आजची लाँच गावलीच पायजे, तरच उद्या सकाळी मुंबईत पोचू. खरं सांग. टाइमात होईल का? नायतर मी हिची समजूत काढतो, आन् जातो आपलं कंपनीबरोबर. देवीला खालनं हात जोडू.”

हैबतीला खरं ठाऊक होतं. कंपनीनं आसपासच्या सगळ्या डोल्या आधीच बांधून घेतल्या होत्या. म्हणजे ही दमलेली बाई पायी चढणार. गोमाजीची जुनी मोटार ठरवून पायथ्याच्या पाचाडपर्यंत गेलं तरी सगळं कसंबसं जमण्यासारखं होतं, एवढंच. ‘कसंबसं’ हा शब्द त्याच्या जिभेवर आलाही होता. पण तीन महिन्यांत त्याला कुणी काही विचारलेलं नव्हतं.

“सांजच्या आत आणून सोडतो,” तो म्हणाला. “हैबतीचा शब्द हाय.”

चढणीला प्रयागबाई दर वळणावर बसत होती. कंपनीच्या डोल्या त्यांना मागे टाकून हुंहुं करत वर गेल्या. हैबतीनं तिला घाई केली नाही. बोलत राहिला. या पायरीवर काय झालं, त्या टाक्याचं पाणी आटत का नाही, त्याच्या आज्यानं या झुडपात बिबळ्या कसा पाहिला. त्याच्या बोलण्याला धरूनच जणू ती वर आली. महादरवाज्यात पोचल्यावर तर ती म्हणाली, “तुमी बोलता तवा पाय दुखत नाय, दादा.”

शिरकाईच्या देवळाशी पोचायला दीड वाजला. देवळात कुणी नव्हतं. प्रयागबाईनं फडकं सोडलं, खण पसरला, तांदूळ ओंजळीनं घातले, आणि मग कपाळ उंबऱ्यावर टेकून ती इतका वेळ तशीच राहिली की सोनबा दोनदा पुढे झाला नि दोनदा मागे आला. उठली तेव्हा तिचा चेहरा वेगळाच दिसत होता. मुंबई सोडल्यापासून पहिल्यांदाच ती हसली.

“आता काय व्हायचं नाय बगा पोरीला,” ती म्हणाली.

तेव्हाच गड उतरायला लागते, तर सगळं झालं असतं. हे हैबतीला नंतर इतक्या वेळा आठवलं, की त्या देवळाच्या सावलीची लांबीसुद्धा त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

पण कंपनीची मंडळी तिथूनच चालली होती. मॅट्रिकवाला पुस्तकातलं वाचत होता आणि ऐकणारे जांभया देत होते. त्यांतला एक म्हातारा मागे रेंगाळला, हैबतीचं बोलणं ऐकत उभा राहिला. “अहो, हा गडी जास्त जाणतो,” तो आपल्या सोबत्यांना म्हणाला. मंडळींबरोबर वर आलेल्या मुरारीनं शिट्टी फुंकली. म्हातारा नाइलाजानं गेला. पण हैबतीच्या अंगात वारं शिरलं ते शिरलंच.

“यांना दाखवत नायत ते दाखवतो,” तो म्हणाला. “वाघ दरवाजा. तिथवर ही बूटवाली मंडळी जातच नायत. हितनं जवळ हाय.”

सोनबानं घड्याळ बघितलं. “नको दादा. उतरू आपण.”

“अरं, घड्याळ काय बगतोस सारका? मी सूर्य बगून हितं म्हातारा झालो. अजून लय दिवस हाय.”

सोनबा बायकोकडे वळला. ती अजून हसत होती. इतक्या दिवसांनी हसत होती, म्हणूनच तो ‘नाही’ म्हणू शकला नाही.

जवळ म्हटलं ते जवळ नव्हतं. कुशावर्त तळ्याच्या खाली उतरून, कारवीच्या झुडपांतून वाट काढत, त्या दरवाज्याच्या तोंडाशी जाऊन यायला तास गेला. तिथं उभं राहून हैबतीनं त्या दरवाज्याची सगळी कहाणी सांगितली. खालून वारा वर येत होता आणि प्रयागबाईचा पदर उडत होता. आयुष्यात इतकं चांगलं तो कधी बोलला नव्हता.

उतरताना प्रयागबाईचे गुडघे गेले. शेवटच्या टप्प्यावर हैबतीनं तिला पाठुंगळीला घेतलं. पाचाडला गोमाजी मोटारीला टेकून उभा होता. सूर्य कलला होता. गोमाजीनं काही न विचारता मोटार सुरू केली आणि दगडधोंड्यांतून ती जीव खाऊन हाकली. महाड मागे पडलं तेव्हा सोनबानं घड्याळ काढलं, बघितलं, आणि बायकोला दिसू नये म्हणून मुठीत मिटलं.

धक्क्यावर पोचले तेव्हा लाँच खाडीच्या मधोमध होती. कंपनीची मंडळी वेळेवर आली होती, म्हणून ती बरोबर सहाला सुटली होती.

प्रयागबाई मोटारीतून उतरली ती सरळ धक्क्याखालच्या चिखलात शिरली. “थांबवा हो! अवो, माझी पोर हाय तिकडं! थांबवा!” लाँचवरच्या कुणीतरी वळून पाहिलं. लाँच चालवणाऱ्या सारंगानं हात वर केला, मग पाण्याकडे बोट दाखवलं. पाणी फिरलं होतं, ओहोटी लागली होती. सोनबा गुडघाभर चिखलात जाऊन तिला धरून उभा राहिला. लाँच वळणामागे गेली तरी ती हाका मारतच होती.

मुरारी धावत खाली आला. तो रागावला नाही. रागावता तर हैबतीला बरं वाटलं असतं.

“मी तारमास्तरांना घरून उठवून आणतो,” तो सोनबाला म्हणाला. “इस्पितळात तार देऊ, येतोय म्हणून. तुम्ही पोलादपूर गाठा. पहाटे घाटावर जाणारी मोटार मिळेल, वाठारला आगगाडी. मंगळवारी सकाळी मुंबईत पोचाल.”

“मंगळवारी,” सोनबा म्हणाला.

गोमाजीच्या मोटारीनं ते पोलादपूरला गेले. हैबतीही गेला. कुणी ये म्हटलं नव्हतं, जा म्हटलं नव्हतं. पहाटे घाटाची मोटार निघायला आली तेव्हा तो समोर जाऊन उभा राहिला. तोंड उघडलं, पण त्यातून काही आलं नाही. तीस वर्षांत पहिल्यांदाच.

प्रयागबाई आत बसली होती. तिनं बाहेर वाकून त्याच्याकडे पाहिलं. डोळे कोरडे होते.

“दादा, ओटी मी नीट भरली ना हो? काय चुकलं तर नाय?”

“नाय, बाय,” हैबती म्हणाला. “नीट भरलीत. काय चुकलं नाय तुमचं.”

मोटार आंबेनळी घाटाच्या चढाला लागली. तिचा आवाज ऐकू यायचा थांबला, तरी तो तिथंच उभा होता.

शिमग्याला मुंबईची माणसं गावी आली. त्यांत नात्याचाच चांगू होता. तोही गोदीत कामाला. होळीच्या माळावर हैबतीनं त्याला गाठलं आणि बाजूला नेलं.

“गेली रे ती पोर,” चांगू म्हणाला. “सोमवारीच. आपरेशनला न्यायला आले तर खाटंचा दांडा सोडीना. म्हणं, आय येनार हाय. लय येळ थांबले डॉक्टर. मग नेली. परत शुदीवर आली नाय. सोनबा आन् वैनी पोचली मंगळवारी.”

मागे पोरं बोंबा मारत नाचत होती.

“सोनबा माज्याबद्दल काय म्हनला?”

“काय नाय. तुजं नाव त्यानं कधीच काडलं नाय.”

“आन् बाय?”

चांगूनं मान हलवली. “ती बोलतच नाय कुनाशी.”

हैबती घरी आला. बयाबाईनं पोळीचं ताट वाढून ठेवलं होतं. तो ताटाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “मी त्यांना वाघ दरवाजा दाखवला गो.” बयाबाईला सगळा प्रकार त्यानं कधी सांगितला नव्हता. त्या दिवशी सांगितला. ऐकून झाल्यावर ती ताट उचलून आत घेऊन गेली.

त्यानंतर तो बंदरावर गेला नाही. पावसाळा शेतात गेला. गडावर न्याल का म्हणून महाडाहून कुणी विचारायला आलं, तर तो आत बसून राही आणि बयाबाई दारातून सांगे, घरात नायत.

पुढच्या हिवाळ्यात मुरारी स्वतः नात्याला आला. कंपनीचा एक डोलीवाला तापानं पडला होता, मंडळी बंदरावर खोळंबली होती, आणि खांदा द्यायला माणूस हवा होता. तुझ्यासारख्याला हे सांगायला संकोच वाटतो, असंही तो म्हणाला.

“येतो,” हैबती म्हणाला.

“तुमी? डोलीला?” बयाबाई दारात आली.

“खांदा हाय की अजून.” त्यानं टॉवेल घडी करून खांद्यावर टाकला आणि निघाला.

डोलीत मुंबईची एक तरुण बाई होती, हसतमुख, सगळ्याची चौकशी करणारी. मॅट्रिकवाला पुढच्या माणसांबरोबर लांब गेला होता. माथ्यावर भोयांनी दम घ्यायला डोली उतरवली, तेव्हा ती पूर्वेकडच्या कड्याशी जाऊन उभी राहिली. हवा स्वच्छ होती. समोर लिंगाण्याचा सुळका दरीतून सरळ वर आलेला दिसत होता. लहानपणी त्या सुळक्याच्या पायथ्याशी हैबतीनं गुरं राखली होती.

“काय सुंदर आहे हो!” ती वळून म्हणाली. “त्या डोंगराचं नाव काय?”

बाकीचे भोई हैबतीकडे पाहू लागले. त्यानं एकवार सुळक्याकडे पाहिलं.

“ठावं नाय, बायसाहेब,” तो म्हणाला, आणि खाली वाकून त्यानं दांडा खांद्यावर घेतला.