नाभी सरकली म्हणून

निंबोल्यात त्या सकाळी ओट्यावर एकच विषय होता : नवं राज्य होणार, तर बुऱ्हाणपूर मराठी मुलखात जाणार की हिंदी? बाहेर गडीमाणसं तावातावानं भांडत होती आणि आत मधघरात धुरपदाबाई सुनेच्या पोटावर कोमट तेल चोळत होती. खालून वर, खालून वर. मंगलाला आडवं होववत नव्हतं. भिंतीला टेकून ती तोंडानं श्वास ओढत होती.

"नाभी सरकली तिची," धुरपदाबाईनं शेजारणीला सांगितलं. "जड घागर उचलली व्हती."

घागर नव्हतीच. चार दिवसांपूर्वी मंगलानं नवऱ्याला दुसऱ्यांदा विचारलं होतं, अखाजीच्या सणाला माहेरी जाऊ का? कौतिकनं पायातल्या जोड्यासकट लाथ घातली, डाव्या बरगडीखाली. धुरपदाबाई चुलीपाशीच होती. तिनं तव्यावरची भाकर उलटली.

दुपारी सुनेचे ओठ निळे पडले, तेव्हा केळीच्या ट्रकातून तिला शहराच्या दवाखान्यात नेलं. वाटेत सासूनं कानात सांगितलं, "कोनी इचारलं तं गाडीवरून पडली म्हन. घराची अब्रू तुह्या हाती हाये." मंगलानं मान डोलावली.

डॉक्टर प्रभाकरांनी डाव्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिले. मग छातीचा फोटो काढला.

"श्वास ऐकू यायला हवा तिथं पोटाची गुडगुड ऐकू येते. छाती आणि पोट यांच्यामधला पडदा फाटलाय, आजी. जठर वर चढून फुफ्फुस दाबतंय. पोट चोळलं का?"

"चोळलं. खालून वर."

"त्यानं जठर आणखी वर ढकललं गेलं." डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला. मग म्हणाले, "कधी लागलं?"

"आज सकाळीच, साहेब. बैलगाडीवरून गिरली," दारातून कौतिक म्हणाला.

"नीट ऐका. आजचं असेल तर पोट उघडून शिवतो. जुनं असेल तर वर गेलेलं छातीत चिकटलं असेल, कदाचित सडलंही असेल. मग छातीतून जावं लागेल. तिच्यात दोनदा चिरण्याइतका जीव नाही. खोटं सांगाल तर मी चुकीच्या जागी चिरेन."

धुरपदाबाईनं लेकाकडे पाहिलं.

"माय, चूप बस," तो पुटपुटला.

धुरपदाबाईच्या स्वतःच्या डाव्या कुशीत तीस वर्षांपासून एक कळ होती. तिचीही नाभीच सरकली होती म्हणे.

"चार दिवस झाले, साहेब," ती म्हणाली. "पडली नाही ते. यानं लाथ मारली."

छाती उघडली. जठर खाली आणलं, फाटलेला पडदा जाड रेशमानं शिवला. तीन तास लागले. मंगला वाचली.

तिसऱ्या दिवशी हवालदार कागद घेऊन आला. त्यानं अजून काही विचारलंही नव्हतं, तोच मंगला क्षीण आवाजात म्हणाली, "गाडीवरून पडली मी."

त्यानं तसंच लिहून घेतलं.

धुरपदाबाईला वाटलं, या पोरीनं आपल्या तोंडावर थुंकायला हवं होतं. ते सोसलं असतं.

"खोडा ते," ती म्हणाली. "ते बोल माहे हायेत. म्याच शिकवले तिले. माह्या सासूनं मले शिकवले व्हते."

"मग खरं काय ते सांगा. काय लिहू?"

कौतिक दारातच उभा होता. या खेपेला तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

"लिहा, माह्या लेकानं सुनेले लाथ मारली. अन् हेबी लिहा, तवा मी भाकर उलटत व्हती."