चवीची वही

तपासणीच्या आदल्या दिवशी प्रभुलिंग सर स्वयंपाकाच्या शेडमध्ये आले, तेव्हाच मी ओळखलं. एरवी ते दारातूनच "भात झाला का" विचारून वळतात.

"रंभामावशी, उद्या तपासणीच्या मॅडम येणार. वाचन चाचणी आहे. चार पोरं तुमच्याकडं पाठवतो, लसूण सोलायला बसवा."

"चौघांना पुरंल एवढा लसूण खिचडीत पडतो व्हय, सर?"

"चेष्टा नको, मावशी. गैरहजर लावतो त्यांना. गेल्या वर्षी असल्याच चार पोरांपायी मला नोटीस आली."

सर वाईट नाहीत. वर्ग चार, मास्तर एक. दुसरी जागा दोन वर्षं रिकामी. पहिलीला ओळ घालून दिली की चौथीत मारामारी सुरू, आणि ती सोडवतायत तोवर मतदारयादीच्या कामाचा फोन. गावात ज्यांना जमलं त्यांची पोरं पिवळ्या बसनं अक्कलकोटला इंग्रजी शाळेत जातात. खुद्द सरांचा ऋतुराजसुद्धा त्याच बसमध्ये. ग्रामसभेत ज्यांचा आवाज चालतो त्यांची पोरं इथं नाहीत, आणि ज्यांची पोरं इथं आहेत ते त्या वेळी दुसऱ्याच्या रानात खुरपत असतात. मग मास्तर मागायला उठणार कोण?

त्या चौघांत चंद्रिका होती. चौथीतली. घरी कन्नड, शाळेत मराठी. पहिली दोन वर्षं पोरगी सरांना कन्नडमध्येच उत्तरं द्यायची, आणि सरांना वाटायचं हिला काहीच येत नाही. एकदा मागच्या रांगेत बसवलं ते बसवलं. पुढची शाळा तीन किलोमीटरवर. तिचा बाप निंगप्पा मला स्पष्ट म्हणाला होता, "परीक्षेत वाचली तर पाचवीला धाडतो. न्हाई तर घरी ऱ्हाईल, धाकट्याला सांभाळंल."

आणि गैरहजर म्हणजे न वाचलेलीच की.

सरांना एक गोष्ट माहीत नव्हती. दिवाळीपासून ही चौघं रोज माझी भांडी घासून झाली की माझ्याजवळ बसत होती. मी स्वतः शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. नऊ वर्षं इथं डाळ ढवळता ढवळता खिडकीतून ऐकत, बघत अक्षरं लागली. म्हणजे पहिली मी नऊ वेळा पास झालेय. तेवढ्या भांडवलावर शिकवत होते. चंद्रिकाला अडलं की कन्नडमध्ये सांगायचं, मग मराठीत.

सरावाला वही होती. शाळेत नियम आहे, पोरं जेवायच्या आधी एका पालकानं चव घ्यायची आणि चव नोंदवहीत लिहायचं. पालक रानात. म्हणून सर शनिवारी बसून सहाही दिवसांचं 'चव उत्तम' लिहून टाकायचे. मी म्हटलं, वही माझ्याकडं द्या, मी बघते. सरांना तेवढीच एक वही कमी झाली. तेव्हापासून चव चंद्रिका घेत होती आणि लिहीतही तीच होती. ती वही कुणी उघडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. वर्गात चाचणी झाली, सगळ्या पोरांनी घडाघडा वाचलं. चंद्रिका माझ्यामागं पोत्यावर लसूण सोलत बसली होती. वर्गातल्या धड्याबरोबर तिचे ओठ हलत होते.

मग मॅडम शेडकडं आल्या. चवीशिवाय तपासणी पुरी होत नाही. त्यांनी खिचडीचा घास घेतला, वही मागितली, आणि सही करायच्या आधी, कधी नव्हे ते, वाचायला लागल्या.

"'आज मीठ दोनदा पडलं. मावशी बोलत होती.'" मॅडम हसल्या. पान उलटलं. "'मटकी भिजली नव्हती. गुरुराजचा दात दुखला.' अहो, इतकं खरं मी कुठल्याच शाळेत वाचलं नाही. कोण पालक लिहितात हे?"

सर माझ्याकडं बघायला लागले. चंद्रिकाच्या आईचं, शिवम्माचं नाव घेतलं असतं तर सगळेच सुटलो असतो. सर नोटिशीतून, मी पालकाऐवजी पोरीला वही दिल्याच्या बोलण्यातून. एक चंद्रिका सोडून.

"पालक नाही, मॅडम," मी म्हटलं. "चौथीतली चंद्रिका लिहिते. आज गैरहजर आहे. ती बघा, तिथं लसूण सोलतीय."

मॅडम वही मिटून पोत्याकडं वळल्या.

मॅडमनी पुस्तक पुढं केलं. चंद्रिकानं हात परकराला पुसले. एका जोडाक्षराला अडली, माझ्याकडं पाहिलं.

"ओदु, चंद्री," मी म्हटलं. वाच.

तिनं ते अक्षर फोडलं, जोडलं, आणि पान संपवूनच थांबली.

"अजून तिघं आहेत," मी म्हटलं. आता सुरुवात केलीच होती. दोघांनी ओळी वाचल्या. तिसरा गुरुराज फक्त अक्षरांपर्यंत पोचला, शब्द काही जुळेना. मॅडमनी जसं होतं तसं लिहिलं. सरांनी न सांगता हजेरीपट काढला आणि लाल पेनानं चार 'गै' खोडले.

जाताना मॅडम सरांना म्हणाल्या, "खुलासा द्यावा लागेल." सर म्हणाले, "देतो. त्यात रिकाम्या जागेचंही लिहितो."

मॅडम गेल्यावर सर शेडच्या दारात आले. "मावशी, मला आधी सांगायचं की."

"तुमी कधी आत आलात, सर?"

दुसऱ्या दिवशी रानात जायच्या आधी निंगप्पा खुरपं घेऊनच शाळेत आला. "वाचली म्हनं?"

"वाचली," सर म्हणाले. "पाचवीला नाव घालायला मी स्वतः येतो तुमच्याबरोबर."

निंगप्पानं मान हलवली. "धाकट्याचं बघू कायतरी," म्हणाला आणि गेला.

त्या दिवशी वही मी गुरुराजपुढं ठेवली. एक शब्द लिहायला त्याला भात शिजेपर्यंत वेळ लागला. पोरं ताटं वाजवायला लागली, सर दारातून बघत होते. शब्द पुरा होईस्तोवर मी कुणालाच वाढलं नाही.