मामाच्या पोटातले

आमच्या खोऱ्यात अशी श्रद्धा आहे की, मनुष्याच्या अस्थी पित्याकडून येतात आणि रक्तमांस मातेच्या कुळाकडून. म्हणून भाच्याच्या देहातून रक्त सांडले किंवा त्याचे हाड मोडून मांस दुखावले, तर त्याची वार्ता सर्वांआधी मामाच्या दारी पोहोचवावी लागते. आणि मामाने काही राग मनात दडवला, तर तो मामाला बाधत नाही. तो भाच्याच्या सांध्यात जाऊन बसतो. मी एकतीस वर्षे मिशनच्या शाळेत शिकवले. हृदयाचे चार कप्पे आणि रक्ताचे अभिसरण फळ्यावर काढून दाखवले. परंतु ही श्रद्धा खोटी आहे, असे एकाही वर्गात म्हणालो नाही. जिचे मंडन करता येत नाही आणि खंडनही करवत नाही, अशा गोष्टीपुढे मौन राखावे, असे मला वाटत आले.

सायलस हा माझ्या धाकट्या बहिणीचा, मांदेचा मुलगा. तो सहा वर्षांचा असताना त्याचे वडील वारले. त्यानंतर तो माझ्याच अंगणात वाढला आणि रग्बी लीगही माझ्याकडेच शिकला. गावाच्या संघाचा मार्गदर्शक मीच आहे. ज्या मैदानावर आज तेरा जणांविरुद्ध तेरा उतरतात, तेथे माझ्या तरुणपणी नदीपलीकडच्या लोकांशी आमचे भाल्यांचे युद्ध चालले होते. त्याच लोकांशी आम्ही आता दर हंगामात खेळतो, खेळ संपल्यावर एकाच चुन्याच्या डबीतून सुपारीला चुना लावतो आणि आपापल्या घरी जातो. त्यामुळे त्या मैदानाकडे मी कधीही केवळ क्रीडांगण म्हणून पाहिले नाही.

गेल्या तीन वर्षांत त्या संघातून सहा जण गेले. दोघांना खाणीच्या संघाने नेले, तिघे राजधानीला, मोर्सबीला गेले. एक तर उत्तर इंग्लंडातल्या कुठल्याशा गावी पोहोचला. तेथून त्याने पाठवलेल्या छायाचित्रात तो आणि बर्फ, एवढेच होते. ज्याला जेथे अधिक मिळाले तेथे तो गेला, आणि त्यात मला कधी पाप दिसले नाही. प्रत्येकाला मी आशीर्वाद दिला. प्रत्येकाच्या जागी दुसरा शोधला, आणि दर वेळी तो दुसरा आधीच्यापेक्षा थोडा कोवळा निघाला.

कोरड्या महिन्यात ट्रेव्हर हॅलम आला. खेळाडू हेरून ऑस्ट्रेलियातल्या क्लबांना मिळवून देणे, हा त्याचा व्यवसाय. त्याने सायलसचे दोन सामने पाहिले. मग माझ्या ओसरीवर बसून भाजलेले रताळे सालीसकट खाल्ले आणि म्हणाला, "मास्तर, याला मी क्वीन्सलंडला नेतो. तीन वर्षांचा करार. तुम्ही आयुष्यभर शिकवून जेवढं कमावलंत, तेवढं हा एका हंगामात कमावेल."

त्याच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता. तो केवळ खरे बोलत होता.

आठवड्याने सायलस एकोणीस पानांचा करार घेऊन आला. त्यावर त्याची सही आधीच झाली होती.

"मामा, इंग्रजी नीट आहे का, तेवढं बघा. मला फसवत नाहीत ना?"

"सही केल्यावर विचारतोस?"

"ट्रेव्हरला विमान गाठायचं होतं."

मी चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचू लागलो. फसवणूक कोठेही नव्हती. अकराव्या पानावर एक रकाना होता : खेळाडूस दुखापत झाल्यास प्रथम कोणास कळवावे. त्यापुढे ट्रेव्हर हॅलमचे नाव आणि त्याचा फोन क्रमांक होता. अक्षर सायलसचे होते; पाटीवर हात धरून मीच गिरवून घेतलेले.

"हे तू लिहिलंस?"

"हो. ट्रेव्हर म्हणाला, तुमच्या गावात टेकडीवर चढल्याशिवाय फोन लागत नाही, माझंच नाव टाक. का, चुकलं का काही?"

"नाही," मी म्हणालो. "करार चांगला आहे."

तो आनंदाने निघून गेला. मी मात्र तेथेच बसून राहिलो. त्याचे रक्त सांडेल, त्याचे हाड मोडेल, आणि ती वार्ता ज्याच्या घरी जाईल त्याने सायलसची आई कधी पाहिलीही नव्हती. त्या कोवळ्या जिवाच्या हे ध्यानातही आले नसेल, हे मला कळत होते. कळूनही राग ओसरला नाही.

दूर जाणाऱ्या भाच्याने मामाला डुक्कर अर्पण करायचे आणि चारचौघांत एक प्रश्न विचारायचा, ही आमच्याकडची रीत. मांदेने तीन वर्षे वाढवलेले डुक्कर आणले. दगड तापवले, खड्ड्यात केळीची पाने अंथरली, मांस आणि रताळी रचून वर माती लोटली. संघ तर होताच, शिवाय निम्मे गाव जमले होते. संघाचा कर्णधार ग्वाम सुपारी चघळत म्हणाला, "सायलस, तिकडे रताळी मिळत नाहीत म्हणे. पाव खाशील, आणि पावासारखा फुगून येशील."

"तू रताळी खाऊन काय बारीक राहिलायस?" सायलस म्हणाला.

"मी फुगलो तरी इथेच फुगतो. लोकांना बघायला मिळतो."

सारे हसले. मग सायलस माझ्यासमोर उभा राहिला आणि रीतीप्रमाणे त्याने विचारले, "मामा, तुमच्या पोटात काही आहे का?"

चाळीस माणसे माझ्याकडे पाहत होती. एवढा शिकलेला मास्तर अकराव्या पानावरच्या एका रकान्यावरून रुसला आहे, हे मी कोणत्या तोंडाने सांगावे?

"काही नाही," मी म्हणालो. "जा, सुखाने खेळ."

आणि डुकराच्या खांद्याचे मांस, जे केवळ निर्मळ पोटाच्या मामाने खायचे असते, ते मी खाल्ले.

त्यानंतरच्या शनिवारी नदीपलीकडच्यांशी सामना होता. सायलसचा हा येथला शेवटचा खेळ. उत्तरार्धात तो चेंडू छातीशी धरून मध्यातून घुसला. दोघांनी त्याला धरले. तसे धरणे एका सामन्यात शंभरदा होते. तो पडला, त्याचा डावा गुडघा देहाखाली वळला, आणि तो उठला नाही.

मी रेषेबाहेर उभा होतो. धावू लागण्यापूर्वी माझ्या अंतःकरणात एकच शब्द उमटला. तो शब्द होता : राहिला.

आरोग्यकेंद्रातल्या परिचारिकेने गुडघा दाबून पाहिला. आतले काही तुटल्यासारखे वाटत नाही, पण सूज उतरली पाहिजे, असे ती म्हणाली. पुढच्या शुक्रवारी मोर्सबीत क्लबचा डॉक्टर सायलसला तपासणार होता. हॅलमचा फोन आल्याचे सायलसनेच येऊन सांगितले. टेकडीवर तो ग्वामच्या पाठीवर बसून गेला होता. "शुक्रवारी गुडघा पूर्ण वाकला नाही, तर करार रद्द. स्पष्टच म्हणाला."

सोमवारी सूज तशीच होती. मंगळवारीही.

बुधवारी दुपारी मी ताडपत्रीवर कॉफीच्या बिया उलटत होतो. मांदे आली आणि ताडपत्रीच्या कडेला बसली. बराच वेळ तीही माझ्याबरोबर बिया उलटत राहिली.

"तू काय दडवलंयस?" ती म्हणाली.

"मांदे, गुडघ्यात पाणी झालंय. हे शास्त्र मी वर्गात शिकवलंय."

"तू शिकवलंयस. मी त्याला जन्म दिलाय. बोल."

मी तिला रकान्याचे सांगितले. तिने ऐकून घेतले. तिला हसू आले नाही, रागही आला नाही.

"हे मला कशाला सांगतोस? खोटं चारचौघांत बोललास, खरंही चारचौघांतच बोल. उद्या दुपारी त्याचा ट्रक आहे."

"आणि बोलूनही सूज उतरली नाही तर?"

"तर तुझं तोंड तरी स्वच्छ होईल. ज्या तोंडाने डुक्कर खाल्लंस ते."

ती गेल्यावर मी विचार करीत बसलो. मला काहीच करावे लागणार नव्हते. केवळ दोन दिवस गप्प राहायचे होते. शुक्रवार उलटला असता, गुडघा वाकला नसता, सायलस घरी परतला असता आणि पुढच्या हंगामात खेळला असता. संघ टिकला असता. मला कोणी दोष दिला नसता. उलट सांत्वनासाठी लोक माझ्याच ओसरीवर आले असते. इतके सोपे पाप माझ्यासमोर पूर्वी कधी आले नव्हते.

गुरुवारी सकाळी मैदानालगतच्या सुरूच्या झाडांखाली लोक जमले. सायलस पाय पसरून ओंडक्यावर बसला होता. मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि रकान्याची सारी हकीकत सांगितली.

सायलस ऐकता ऐकता सैलावला. "एवढंच ना, मामा? मी आजच सांगून नाव बदलतो. माझ्या डोक्यातच आलं नाही. गाढव आहे मी."

"नाव बदलून उपयोग काय?" ग्वाम म्हणाला. "मास्तरांकडे फोन कुठाय? तिकडून कळवतील तरी कुणाला? कोंबड्यांना?"

लोक हसले. कोणीतरी माझ्या हातात सुपारी ठेवली. सारे तेथेच संपू शकले असते, आणि सर्वांची तीच इच्छा होती. मांदे मात्र हसली नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती, जणू अजून एक घडा रिता व्हायचा आहे हे तिला दिसत होते.

"अजून आहे," मी म्हणालो.

हसणे थांबले.

"सायलस, तू पडलास ना, तेव्हा मला बरं वाटलं."

सायलसने माझ्याकडे पाहिले, मग स्वतःच्या गुडघ्याकडे, आणि पुन्हा माझ्याकडे.

"किती वेळ?" त्याने विचारले.

"काय?"

"किती वेळ बरं वाटलं?"

"धावत तुझ्यापर्यंत पोहोचेपर्यंत. नंतर सोमवारी, सूज उतरली नाही म्हणून. आणि काल दुपारी."

"काल दुपारीसुद्धा."

"हो."

तो काही क्षण बोटांनी ओंडक्याची साल सोलत राहिला. "आधीचे सहा जण गेले, तेव्हा त्यांचं काही मोडावं असं वाटलं होतं?"

"नाही. कधीच नाही."

"मग माझंच का?"

"ते गेले तेव्हा संघात जागा रिकामी झाली. तू निघालास तेव्हा घरात झाली."

रीतीप्रमाणे मी उसाचा कांडका सोलून त्याच्यापुढे धरला. पोट रिकामे केलेल्या मामाने तो द्यायचा आणि भाच्याने सर्वांदेखत चावायचा, म्हणजे बाधा उतरली असे मानतात. सायलसने कांडका घेतला. चावला मात्र नाही. जाळीच्या पिशवीत ठेवून दिला.

"तुम्ही हे सांगितलं नसतंत तर बरं झालं असतं, मामा."

"सांगितलं नसतं तर तुझा गुडघा..." मांदे म्हणू लागली.

"गुडघ्याचं तिकडे डॉक्टर बघेल, आई."

दुपारी विमानतळाकडे जाणारा ट्रक आला. ग्वामने त्याची पिशवी वर फेकली आणि म्हणाला, "पहिला पगार झाला की मास्तरांना फोन पाठव. आणि मला बूट. अकरा नंबर. विसरलास तर तिकडे येऊन मारीन."

"तू येशील? तुला विमानात दोन खुर्च्या लागतील."

ग्वामने त्याला मिठी मारली. मांदे त्याच्या गळ्यात पडून रडली. माझा हात त्याने धरला, आणि योग्य तितका वेळ धरला. पण त्याची दृष्टी माझ्या खांद्यावरून पलीकडे, डोंगराकडे होती. मग तो ट्रकच्या पायरीवर चढला. त्याने आधी डावा पाय ठेवला, त्याच्यावर सारा भार दिला आणि वर गेला. हे त्याने मला दाखवण्यासाठी केले, का वेदना खरोखरच कमी झाली होती, हे मला त्याच्या पाठीवरून ओळखता आले नाही.

शुक्रवारी संध्याकाळी मांदे टेकडीवरून उतरून थेट माझ्याकडे आली. गुडघा पूर्ण वाकला होता. सायलस रविवारी ब्रिस्बेनला जाणार होता.

"मला काही निरोप?" मी विचारले.

"घाईत होता," ती म्हणाली, आणि माझ्या चुलीतले लाकूड पुढे सारू लागली.

सूज विश्रांतीने उतरली की माझ्या शब्दांनी, हे मी तिला विचारले नाही, तिनेही सांगितले नाही. माझे पोट मात्र रिते झाले होते. ते इतके रिते होईल याची मला कल्पना नव्हती.

शनिवारी आम्ही मैदानावर उतरलो. ग्वामने माझ्या हातातली खेळाडूंची यादी पाहिली आणि मान वर केली.

"मास्तर, बाराच नावं आहेत. त्याच्या जागी कोण?"

कडेला तीन-चार पोरे बूट बांधून आशेने उभी होती. एरवी मी त्यांतल्या एकाच्या खांद्यावर हात ठेवला असता.

"आज बाराच खेळा," मी म्हणालो.

ग्वामला काहीतरी विनोद करायचा होता, हे मला दिसले. त्याने तो केला नाही. यादी घडी करून मला परत दिली आणि बारा जणांना घेऊन तो मैदानात गेला.