न विणलेल्या साड्या

ओमकार जाऊन वर्ष झालं, तरी आमच्या वडगावच्या घरात तिन्हीसांजेला त्याचा आवाज यायचा. मागाच्या खोलीतनं. मागाची खटखट थांबली की जरासा, मग गप्प. मी कुणाला बोलले न्हाय. आईला सांगितलं असतं तर तिनं मीठ-मोहऱ्या ओवाळल्या असत्या, आणि आप्पांना विचारायची छाती कुणाची?

ओमकार माझा धाकटा भाऊ. आमच्या साड्या विकायची वेबसाइट त्यानं एकट्यानं उभी केलती, पुढचं-मागचं सगळं. मी टिळकवाडीला वेबसाइट बनवायच्या क्लासला जायची. तिथं ज्यानं त्यानं एकच भाग धरायचा. माझा भाग गिऱ्हाइकाला दिसतो तेवढा: रंग, फोटो, बटणं. "आक्का, सगळं शीक गं," ओमकार म्हणायचा. मी म्हणायची, "सगळीकडं तोंड घालणाऱ्याला कोण नोकरी देतंय? गप बस." निपाणी रोडवर त्याची गाडी घसरली आणि आमचं भांडण तिथंच राहिलं.

मग वेबसाइटवर साड्या वाढायला लागल्या. आप्पांच्या हातमागावरनं आठवड्याला जेमतेम एखादी साडी उतरते, आणि हितं रोज एक नवी! कपाटात बघावं तर न्हाईत. चिकोडीच्या एका लग्नघरानं त्यातल्याच मागवल्या. मुहूर्त तोंडावर आला तरी साड्या न्हाईत म्हटल्यावर नवरीची आई दारात येऊन ओरडली, "भुताच्या साड्या विकताय व्हय?" आप्पांनी मान खाली घातली. आजोबांपासनं कमावलेलं आमचं नाव. माझा नुसता जीव जळला.

क्लासात रक्षाला दाखवलं. ती माहितीची साठवण शिकलेली. "नोंदी बरोबर हाईत," म्हणाली. राजकुमार सर्व्हरवाला. "मशीन ठणठणीत हाय." माझा दर्शनी भाग तर चकाचक होताच. तिघांचं बरोबर आणि साड्या तेवढ्या खोट्या! आग लागो त्या एकेका भागाला! रागारागानं ओमकारचं सगळं काम मीच उघडलं, या टोकापासनं त्या टोकापर्यंत. रडत शिकले, शिव्या घालत शिकले. शेवटी सापडलं. रोज तिन्हीसांजेला कुठनं तरी "साडी उतरली" असा निरोप आत यायचा आणि एक साडी वाढायची. कुठनं येतोय ते बघायला मी थांबले न्हाय. ओमकारचं काहीतरी आपोआप चालत राहिलंय असं धरलं आणि ती वाटच तोडून टाकली.

विणकराची पोर मी. उभ्या धाग्यांचा नवा ताणा घालताना जुन्याची टोकं मागावर ठेवायची, त्यांना एकेक धागा सांधायचा, माग रिकामा करायचा न्हाय, हे लहानपणापासनं बघितलेलं. तरी तोडलं.

त्या संध्याकाळी खटखट थांबली आणि आवाज आला न्हाय. सुटले बाई, म्हणत मी मागाच्या खोलीत डोकावले. आप्पा मागावर बसून फोनवर बोट दाबत होते. फोन कानाला लावला, धोतरानं पुसला, परत दाबलं.

"काय करताय आप्पा?"

"साडी उतरली की हे दाबायचं, ओमकारनं शिकवलेलं. त्यानं आपला आवाज भरून ठेवलाय ह्यात. दाबून निरोप पोचला की बोलतोय." त्यांनी माझ्याकडं बघितलं न्हाय. "साडी उतरली न्हाय तरी मी रोज दाबतोय गं. ती चिकोडीची बाई ओरडली तवाच कळलं, हे माझ्यामुळं झालं. पण सुटंना. आज का बोलंना त्यो?"

निरोपाची वाट तर मीच तोडलेली. आईनं जेवायला हाक मारली, आप्पा उठले न्हाईत. मी लॅपटॉप घेऊन मागाशेजारीच बसले. तोडलेलं टोक शोधलं आणि सांधलं. आता बटण दाबलं की नुसता आवाज येईल. साडी मी डोळ्यांनी बघितल्यावरच वेबसाइटवर चढेल. हे मागचं काम मला ना क्लासानं शिकवलेलं, ना मी कधी शिकणार होते.

"दाबा आप्पा."

"आप्पा, उतरली न्हवं साडी?" ओमकार बोलला. "बास आता. माग बंद करा, जेवून घ्या."

आप्पांनी डोळे पुसले. "आज उशीर केलास रं," फोनला म्हणाले, आणि तो मागावर ठेवून हात धुवायला गेले.

खोलीत मी एकटीच राहिले. फोन उचलला आणि परत दाबलं.